कोपरापर्यंत हात घालून तपासलेलं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट

झेरॉक्सच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दी मी महिन्याच्या महिन्याला किलोवर घालते. किश्शांना भाव नाही, म्हणून ते तुम्हाला फुकट.

दुकान दारव्ह्याला, तहसीलच्या रस्त्यावर. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही, पंखा आणि वायफाय मात्र चालू असतात. त्या दोन तासांत माझ्या काउंटरशी चौघांचं क्रिप्टो मंडळ भरतं. मी मंदा, शेजारच्या गाळ्यात ब्लाउज शिवणारी संगीता, तहसीलबाहेर टेबल मांडून बसणारे दस्तलेखक गौतमभाऊ आणि जिनिंगमधून निवृत्त झालेले कापसाचे ग्रेडर भास्करकाका. चौघांचं मिळून कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणजे माझा टायपिंगचा कोर्स, आणि तोही अर्धाच!

हे खूळ आणलं संगीतानं. ती मशीन चालवता चालवता कानात वायर घालून व्हिडिओ ऐकते. लोक भजनं ऐकतात, ही क्रिप्टो ऐकते. त्यामागे कारणही होतं. अकरा वर्षं ती भाड्याच्या गाळ्यात शिवतेय आणि आता मालकानं गाळा विकायला काढला होता. मालक भला माणूस, पहिला मान तिलाच देतो म्हणाला, पण पोळ्याच्या आत इसार हवा. शटरवर स्वतःचं नाव लिहायचं, ही तिची एकच इच्छा. आम्ही बाकीचे नुसते तिच्या नादानं नादावलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रिप्टोच्या बाजारात तुमचे पैसे बऱ्याचदा माणसाच्या नाही, एका प्रोग्रॅमच्या ताब्यात असतात. त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. किती घ्यायचे, कोणाला द्यायचे, कधी सोडायचे, सगळं तोच ठरवतो. बँकेत मॅनेजरशी भांडता तरी येतं, याच्याशी तेही नाही. त्याचा कोड बहुतेक वेळा जगाला उघडा असतो, पण वाचता येईल तर ना! म्हणून पैसे टाकण्याआधी प्रश्न एकच, हे सुरक्षित आहे का? बाकी जगात हे कसं ठरवतात मला माहीत नाही. दारव्ह्यात कसं ठरवतात ते ऐका.

*

भास्करकाकांनी तीस वर्षं कापसाची प्रत ठरवली. गाडी समोर आली की ते वरचा कापूस बघतच नसत. कोपरापर्यंत हात आत घालायचा, मधला पुंजका ओढायचा, बोटांत चोळायचा आणि एकच शब्द उच्चारायचा, ओला किंवा कोरडा. वजन भरावं म्हणून आतून पाणी मारलेला कापूस आपल्या हातून कधी सुटला नाही, असं ते सांगतात. आम्ही ते मान्य केलंय, कारण न केल्यास ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

संगीतानं पहिलं कॉन्ट्रॅक्ट मोबाइलवर दाखवलं तेव्हा काकांनी मान फिरवली. म्हणाले, "मंदा, याची प्रिंट काढ. हाती लागल्याबिगर मले काय समजते?"

चव्वेचाळीस पानं निघाली. काकांनी गठ्ठा उभा धरला, डोळे मिटले, मधोमध हात घातला आणि एक पान ओढून काढलं. वरची पानं सगळेच चांगली लावतात, हा त्यांचा सिद्धांत. संगीतानं त्या पानाचा फोटो काढला आणि मोबाइललाच मराठीत समजावून सांगायला लावलं. मोबाइल म्हणाला, विकताना होणाऱ्या कपातीचा दर मालक वाटेल तेव्हा बदलू शकतो, अगदी शंभर टक्क्यांपर्यंत.

काकांनी ते पान अंगठा आणि बोटात चोळलं. "ओला हाय," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

पंधरा दिवसांत त्या टोकनचा, म्हणजे त्या कॉन्ट्रॅक्टवर चालणाऱ्या नाण्याचा, बाजार उठला. तेव्हापासून आमच्याकडे सुरक्षित म्हणजे कोरडा आणि असुरक्षित म्हणजे ओला. काकांची चाल इतकी बदलली की काकूंनी मला विचारलं, यांना काही नवी नोकरी लागली का.

*

पण हात घालायचा तर गठ्ठा शुद्ध हवा. एकदा घाईत मी प्रिंट काढली आणि काकांनी नेहमीसारखं मधलं पान ओढलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता. पान चोळलं, वास घेतला, उजेडाला धरलं. चेहरा फुलला. म्हणाले, इतकं कोरडं कॉन्ट्रॅक्ट आजवर पाह्यलं नाही.

गौतमभाऊंनी पान हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. उंची पाच फूट तीन इंच, वर्ण गोरा, स्वभाव मनमिळाऊ, मुलगी गृहकृत्यदक्ष.

सकाळी कोणाचा तरी लग्नाचा बायोडाटा छापला होता, तो मशीनमध्येच राहिला होता. आम्ही तिघं टेबलावर डोकं टेकवून हसलो. काका मात्र ढिम्म. त्यांनी पान परत घेतलं, घडी घातली आणि म्हणाले, "मंग? यात खोट कायची हाय?"

*

गौतमभाऊंची तऱ्हा वेगळी. सव्वीस वर्षं खरेदीखतं आणि बक्षीसपत्रं लिहिलेला माणूस. कॉन्ट्रॅक्ट म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, साक्षीदार कोण? संगीतानं सांगितलं, यात साक्षीदार नसतात. गौतमभाऊ तीन दिवस आमच्याकडे आले नाहीत.

मग एक कॉन्ट्रॅक्ट असं सापडलं की ज्यातली तिजोरी उघडायला पाच जणांपैकी तिघांच्या सह्या लागत होत्या. एकट्या मालकाचं चालत नाही. गौतमभाऊ इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. शेवटी जगाला अक्कल आली म्हणाले. संगीता पैसे टाकायला निघाली, तेवढ्यात त्यांनी हात आडवा घातला आणि त्या पाचही सह्यांची वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची खाती, एकेक करून उघडून दाखवायला सांगितली. हे सगळं बघता येतं, लपत नाही.

पाचही वॉलेट एकाच दिवशी उघडलेली. पाचांमध्ये पहिले पैसे एकाच वॉलेटमधून आलेले. पाचही दर वेळी एकाच मिनिटात सह्या करणारी.

म्हणजे माणूस एकच होता, टोप्या पाच! मी विचारलं, गौतमभाऊ, तुम्हाला शंका आली कशी? त्यांनी रस्त्यापलीकडे बोट केलं. तहसीलच्या लिंबाखाली त्यांचे दोन नेहमीचे साक्षीदार चहा पीत बसले होते, ज्यांनी अर्ध्या तालुक्याच्या दस्तांवर सह्या केल्यात आणि दस्तातल्या एकालाही ओळखत नाहीत. "माह्या धंद्यातली गोष्ट मलेच शिकवून राह्यले का?" गौतमभाऊ म्हणाले.

*

आता थोडी माझी फुशारकी. आपलं आपणच सांगावं लागतं, दुसरं कोण सांगणार?

काही कॉन्ट्रॅक्टवाले ऑडिटचा रिपोर्ट लावतात. म्हणजे जाणकार कंपनीनं कोड तपासून दिलेलं प्रमाणपत्र. तो असला की लोक डोळे मिटून पैसे टाकतात. संगीतानं आम्हाला अशाच एका कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या मोबाइल ग्रुपात घातलं होतं, त्यावर असा एक रिपोर्ट आला. बारा पानांची पीडीएफ, गोल शिक्का, झोकदार सही. संगीता हरखली. काकांनी हात घालून कोरडा सांगितला. गौतमभाऊंना शिक्का बघूनच भरून आलं.

मी एकदाच बघितलं आणि म्हटलं, तारीख चिकटवलेली आहे. दिवसातून चार वेळा माझ्या काउंटरवर कोणी ना कोणी जन्मतारीख "जराशी" बदलून मागतं. मी हाकलून देते, पण अशी कामं बघून बघून नजर तयार झाली. तारखेतला आठ बाकीच्या आकड्यांपेक्षा लठ्ठ होता आणि शिक्क्याभोवती पांढरी चौकट दिसत होती.

मला राहवेना. मी ग्रुपवरच लिहिलं, तुमचा आठ वेगळ्या फॉन्टचा आहे आणि शिक्क्याची कड नीट कापलेली नाही. वाटलं, आता मला हाकलतील. दहा मिनिटांत त्यांच्या अ‍ॅडमिननं नवी पीडीएफ टाकली. आठ दुरुस्त, शिक्का स्वच्छ, आणि खाली लिहिलं होतं, सूचनेबद्दल धन्यवाद, ताई.

*

कीर्ती पसरली की काय होतं बघा. एका दुपारी आर्णीहून एक शेतकरी जीपनं आला. खांद्यावर गाठोडं. भास्करकाकांनी पुन्हा माल बघायला सुरुवात केली असं त्यानं ऐकलं होतं. गाठोडं सोडलं तर आत कापूस!

आम्ही समजावून सांगणार, तेवढ्यात काकांनी डोळ्यांनीच दटावलं. बाह्या वर केल्या आणि हात आत घातला. पुंजका काढला, धागा ओढून लांबी बघितली, सरकीचा दाणा दाताखाली फोडला. चांगला अर्धा तास त्या माणसाशी बोलत बसले. मग तो पाया पडून निघून गेला. तोवर संगीताच्या एका टोकनचा भाव घसरून निम्मा झाला होता, तिनं तीनदा विचारलं होतं की विकू की ठेवू, आणि काकांना ऐकूच गेलं नव्हतं.

नंतर म्हणाले, "आज खरा माल पाह्यला, पोरीहो." मला त्या दिवशी काका फार आवडले.

*

संगीताची स्वतःची परीक्षा सगळ्यांत शहाणपणाची. आमच्याकडे घरचं सोयाबीन पेरायचं असलं तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. आठवड्यानं उघडून मोजायचं. सत्तरच्या वर उगवले तर वावरात पेरायचं, नाहीतर दुसरं बियाणं बघायचं. संगीता तसंच करायची. नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आधी चिमूटभर पैसे टाकायची, आठ दिवस थांबायची आणि मग ते परत निघतात का बघायची. कारण आत जायला सगळीच दारं उघडी असतात, बाहेर यायचं दार बघावं लागतं.

नियम म्हणजे नियम. एकदा चौथ्याच दिवशी तिच्या टोकनचा भाव तिप्पट झाला. गौतमभाऊ ओरडत आले की काढ, काढ. ही बाई काज करत बसली. आठव्या दिवशी मोबाइल उघडला तोवर भाव होता तिथे परत आला होता. आम्ही तिघं हळहळलो. ती दोरा तोडत म्हणाली, "गोणपाट मधात उघडलं तं कोंब मोडते."

*

आता शेवटचा. हा सांगताना अजून धास्ती वाटते, आणि हसूही येतं.

पोळ्याला दीड महिना उरला होता. संगीतानं इसाराचे पैसे जमवले होते, अकरा वर्षांच्या शिलाईचे. थोडे कमी पडत होते. तेवढ्यात एक कॉन्ट्रॅक्ट आलं, पंधरा दिवसांत पैशावर चांगलं व्याज देणारं. तिनं गोणपाट केलं, दोनदा केलं, दोन्ही वेळा पैसे सुखरूप बाहेर आले. काकांनी हात घातला, कोरडा. गौतमभाऊंनी सह्या तपासल्या, पाच माणसं खरंच पाच. मी फॉन्ट बघितले, एकही आकडा लठ्ठ नव्हता. चौघांनी होकार दिला आणि संगीतानं सगळा इसार आत टाकला. पंधराच दिवसांसाठी.

सोळाव्या दिवशी काढायला गेली तर निघेना. पुन्हा प्रयत्न केला, निघेना. थोडे काढून बघितले तर तेही निघेनात. संगीतानं मोबाइल बंद केला. आपल्या गाळ्यात गेली आणि मशीन चालवायला लागली. भिंतीपलीकडून मला मशीनचा आवाज येत होता आणि मला माझीच लाज वाटत होती. आम्ही चौघं मिळून खेळ खेळत होतो, पण डावावर लावलेलं एकटीचं होतं.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच आले. म्हणाले, सगळी पानं काढ. या वेळी हात घातला नाही. पहिल्या पानापासून वाचायला बसले. मोबाइल समोर उभा केला, एकेक ओळ त्याला विचारायची, वहीत मराठीत उतरवायची. गिऱ्हाईकं येत होती, जात होती, काका खुर्चीवरून हलले नाहीत. काकू डबा पाठवत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चष्मा काढला आणि संगीताला हाक मारायला सांगितलं.

सापडलं होतं. छोटी रक्कम कोणालाही काढता येत होती. मोठी रक्कम टाकली की तुमचं वॉलेट आपोआप बंद होत होतं, आणि ते उघडायचा अधिकार फक्त मालकाला. गोणपाटात सगळं उगवावं अशीच त्यानं व्यवस्था केली होती.

गौतमभाऊ म्हणाले, म्हणजे गेले. काका म्हणाले, नाही. कुलूप उघडणारा माणूस आहे म्हणजे बोलायला माणूस आहे.

संगीतानं या कॉन्ट्रॅक्टच्या ग्रुपवरून त्याच्या अ‍ॅडमिनला, म्हणजे मालकालाच, फोन लावला आणि आवाज मोठा केला. आधी त्यानं उचललाच नाही. पाचव्यांदा उचलला. हिंदी बोलणारा कोणी होता, आवाजात कंटाळा. मला वाटलं, काका आता शिव्या घालणार. काकांनी त्याचं कौतुक सुरू केलं!

"बेटा, तीस साल मैंने कपास देखा. पानी मारा हुआ माल एक नजर में पकडता था. लेकिन तूने ऐसा मारा के मेरा हात भी सुका निकला." मग त्यांनी वही उघडली आणि कुठल्या पानावर काय दडवलंय, कुठून कुठे जोडलंय, ते एकेक सांगत गेले. अगदी सावकाश, एखाद्या कारागिराला त्याच्याच कामातली खुबी सांगावी तसं.

पलीकडच्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अंकल, आपने पूरा कोड पढ़ा?"

"पैले पन्ने से आखरी तक."

संगीता दाराशी उभी होती, ओठ घट्ट मिटून. मग मोबाइलवर एक लिंक आली. आणि त्याचा आवाज आला, आता कंटाळा पार गेलेला, "अंकल, एक ये भी देख लीजिए ना. इसमें मेरा सारा पैसा है. दो हफ़्ते से निकल नहीं रहा."

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. गौतमभाऊंनी तोंडावर उपरणं दाबलं. काकांचा चेहरा मात्र भाव ठरवताना असतो तसा कोरा होता.

"पैले हमारी लडकी का छोड," काका म्हणाले. "फिर देखता."

फोन कट झाला. मी घड्याळ बघितलं नाही, पण चहा आला आणि गार झाला. मग संगीताचा मोबाइल वाजला. तिनं काढून बघितले. निघाले. सगळेच्या सगळे. ती रडली नाही की हसली नाही, शिवण शिकायला येणाऱ्या भाचीच्या हाती गाळा सोपवून तडक मालकाकडे निघाली, पायात माझी चप्पल घालून.

काकांनी दिला शब्द पाळला. चोराला दिलेला असला म्हणून काय झालं? मी त्या लिंकची प्रिंट काढली, बावन्न पानं, आणि काका पुन्हा पहिल्या पानापासून बसले.

चार दिवसांनी पोळ्याच्या आदल्या दुपारी माझ्याच काउंटरवर संगीताची इसारपावती लिहिली जात होती. गौतमभाऊ लिहीत होते, शेजारी मालक बसले होते, साक्षीदार म्हणून मी आणि काका. संगीतानं सही केली, तिचं अक्षर एरवी वाकडं येतं, त्या दिवशी सरळ आलं. काका सही करायला वाकले आणि अ‍ॅडमिनचा फोन आला. काकांनी एका हातात पेन धरून त्याला निकाल सांगितला. कोड शेवटपर्यंत वाचला, पैसे बंद केलेत आणि सोडायचा अधिकार त्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या मालकाकडे आहे.

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. काकांनी पावतीवर सही केली, फिरवून माझ्याकडे सरकवली. तेवढ्यात तो अगदी गयावया करत म्हणाला,

"अंकल, उससे भी आप ही बात कर लो ना. वो आदमी बहुत बदमाश है."